डाव्या सीटचे शॉकअप

बोलायच्या आधी ते गाडी दाबायचे. कोणाचीही असो. माझ्या वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकायचे आणि एकदम सोडून द्यायचे. गाडी वर यायची, खाली जायची, पुन्हा वर यायची. काका मान तिरकी करून बघायचे आणि मला म्हणायचे, "हिचे गेलेत. मालकाला सांगा." मालक बहुतेक वेळा तिथेच चहा पीत उभा असायचा.

वागळे इस्टेटमध्ये माझं शॉकअप दुरुस्तीचं काम आहे. खड्ड्यात गाडी उसळली की तिला धरून अलगद खाली बसवतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आमच्या धंद्यात त्याला एवढ्या लांब नावाने कोणी हाक मारत नाही. आमच्याकडचे रस्ते असे आहेत की गिऱ्हाइकाची काळजी मला कधी करावी लागली नाही. गिऱ्हाइकाच्या स्वभावाची मात्र करावी लागली, आणि ती सगळ्यात जास्त या काकांमुळे.

निवृत्त होऊनही ड्युटीवरच असलेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. काका जवळच्याच एका कारखान्यात तीसेक वर्षं इन्स्पेक्टर होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि एक तर पास करायचा नाही तर परत पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यातला 'पास' त्यांनी कितीदा वापरला असेल याची मला शंकाच आहे. 'परत' मात्र त्यांच्या तोंडात इतका बसला होता की एकदा आमच्या टपरीवाल्याचा चहाही त्यांनी एक घोट घेऊन त्याच शब्दात माघारी धाडला.

कारखाना बंद झाला तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जुन्या मालकांची एक परदेशी स्पोर्ट्स कार निघाली. हिरवी, दोनच सीटची, छत नसलेली, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. बाकीच्यांनी भंगारातून पंखे आणि कपाटं नेली, काकांनी ही गाडी नेली. ठाकुर्लीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते अकरा वर्षं ती खोलत आणि जोडत बसले. ते गाडीखाली, आणि काकू शेजारी पाटावर बसून उजेडासाठी बॅटरी धरायला. "जरा डावीकडे," "जरा वर," याखेरीज त्या काळात नवरा-बायकोत दुसरं काही बोलणं होत असेल असं वाटत नाही.

अखेर गाडी चालू झाली. त्याच महिन्यात काकू बाथरूममध्ये पडल्या. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रिक्षासुद्धा बंद केली, धक्का बसेल असं काहीही नको म्हणाले. ज्या गाडीसाठी अकरा वर्षं बॅटरी धरली, तिच्यात बसून काकू सोसायटीच्या गेटपर्यंतही गेल्या नव्हत्या.

काका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते या कामासाठी. "हिला या गाडीत बसवून मोठागावच्या खाडीवर न्यायचंय," ते म्हणाले. "वाटेत सतरा स्पीड ब्रेकर आहेत, मी मोजलेत. खड्डे मोजले नाहीत, ते बदलतात. हिची कंबर दुखता कामा नये. असे शॉकअप द्या."

गाडीतले मूळचे शॉकअप जुन्या पद्धतीचे होते. आताच्यासारखी नळी नाही, तर तेल भरलेली लोखंडी डबी आणि तिला बाहेर हातासारखा एक दांडा. मी म्हटलं, हे आता कोण वापरतं? घोडबंदरला जुन्या गाड्यांची हौस असलेली काही तरुण मंडळी आहेत, त्यांनीही काकांना सांगितलं, "काका, गॅसवाले शॉकअप टाका. बघा, गाडी रस्त्याला कशी चिकटून पळते." आम्ही गॅसवाले बसवले. काका एक फेरी मारून आले.

"परत."

"अहो, काय झालं?"

"पळवायची कोणाला आहे? नाण्यावरून चाक गेलं तर छापा होता की काटा, ते मणक्याला कळतंय."

मग मी एका मोठ्या ऐसपैस गाडीचे मऊ शॉकअप घेतले, आमच्या मिस्त्रींनी त्यांचे ब्रॅकेट बदलून ते बसते केले. हे इतके मऊ निघाले की स्पीड ब्रेकर मागे पडला तरी गाडी पुढच्या चौकापर्यंत मान डोलवत राहिली. "परत."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, एखादी मोठी गाडी भाड्याने करा. गादीवर बसल्यासारख्या जातील काकू. खाडी तीच आहे ना?"

ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "अकरा वर्षं तिने बॅटरी धरली ती मोठ्या गाडीवर नव्हती धरली."

मी मूळचे चारही शॉकअप खोलायला घेतले.

खरं तर तिथूनच आम्हाला गोडी लागली. त्या डबीत एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग आणि तेलाचा जाडपणा, या दोन गोष्टींवर गाडी कशी बसणार ते ठरतं. तेल जाड केलं की कडक, पातळ केलं की मऊ. काका दर दोन-चार दिवसांनी सकाळी ठाकुर्लीहून गाडी घेऊन यायचे, आम्ही तेल बदलायचो, ते फेरी मारून यायचे. रिकाम्या गाडीची परीक्षा त्यांना मान्य नव्हती. डाव्या सीटवर तांदळाचं पोतं, त्यावर आणखी एक पिशवी, काकूंच्या वजनाइतकं बरोबर बासष्ट किलो. त्याला पट्टा लावलेला. पोत्यापुढे काठोकाठ पाण्याने भरलेलं फुलपात्र. पाणी सांडलं की परत.

आमचे मिस्त्री चेंदणी कोळीवाड्यातले, सरळ बोलणारे. एकदा भर दुपारी गाडी आत आली तेव्हा ते ओरडले, "काका, तुमच्या ह्या तांदलाच्या बायला च्या तरी ईचारा!" सगळं वर्कशॉप हसलं. काकाही हसले, पण पोत्याचा पट्टा सोडताना त्यांनी तो हळूच सोडला. माझं लक्ष होतं.

पाच महिन्यांनी फुलपात्रातलं पाणी सांडायचं थांबलं. आम्ही पेढे आणले. आणि दुसऱ्याच दिवशी काका आले ते पडलेल्या चेहऱ्याने. काकूंना गाडीत बसवून सोसायटीच्या बाहेर काढलं, पहिल्याच स्पीड ब्रेकरला त्यांनी कंबरेवर हात ठेवला. काकांनी तिथूनच गाडी वळवली.

"पाणी सांडत नाही आणि हिला लागतंय," ते म्हणाले. "असं कसं होईल? माप चुकलं असलं पाहिजे."

सीटमध्ये काही दोष आहे का ते बघायला मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खिडकीपाशी उशा लावून बसल्या होत्या. हसऱ्या होत्या, आणि फार बारीक.

"तुमच्याकडे माझ्या जागी पोतं बसवतात म्हणे," त्या म्हणाल्या. "केवढं असतं हो ते?"

"बासष्ट किलो, काकू."

त्या हसता हसता थांबल्या. "अहो, बासष्ट मी ऑपरेशनच्या आधी होते. त्या वेळच्या कागदावर असेल. परवा दवाखान्यात शेहेचाळीस भरले मी."

काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं नाही. उगाच वहीत लिहून ठेवलं असतं आणि रोज बघत बसला असता."

केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा हा माणूस. घरातलं सोळा किलो वजन कमी झालं ते त्याला कळलं नाही, कारण त्याच्याकडे आकडा लिहिलेला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. काकांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चहा घ्या. साखर कमी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्कशॉप उघडायच्या आधीच दारात होते. पोतं वजनकाट्यापाशी आणलं, स्वतः सुतळी सोडली आणि वाटीने एक एक करून तांदूळ बाहेर काढायला लागले. मिस्त्री मदतीला वाकले तर त्यांनी हाताने नको म्हटलं. सोळा किलो तांदूळ वाटीने काढायला बराच वेळ लागतो. त्या वेळात आमच्याकडे कोणी ग्राइंडर चालू केला नाही. आणि मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

शेवटची वाटी काढून झाल्यावर त्यांनी हात झटकले. "हलक्या माणसाला ही गाडी कडक पडतेय. डावीकडचे दोन्ही उघडा," ते म्हणाले. "तेल पातळ घ्या. स्प्रिंग मी घरी घासून आणतो."

आणखी दोन महिने गेले. या वेळी फुलपात्राच्या जोडीला काकूही होत्या. रोज सोसायटीच्या आवारात एक फेरी, मग गेटपर्यंत, मग पहिल्या स्पीड ब्रेकरपर्यंत. त्या सांगायच्या, काका लिहायचे, आम्ही बदलायचो.

एका रविवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. मागे वारा घोंघावत होता.

"खाडीवर आहोत. ही कणीस खातेय."

"काकूंची कंबर?"

"पास," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, पावसाळा सोडला तर, दर रविवारी ते दोघं खाडीवर जायचे. काकांचं माझ्याकडे काही काम उरलं नव्हतं, तरी महिन्यातून एकदा येऊन ते दारातली गाडी दाबून जायचे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. अजूनही एखादं अवघड काम हातून नीट झालं की ते कोणाला दाखवावं हे मला कळत नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. मुलगी पुण्याला चला म्हणतेय, गाडी विकायची म्हणतेय. "त्याचं मी बघेन," त्या म्हणाल्या. "पण नुसती उभी राहून ती खराब होतेय. तुम्ही चालवाल का? खाडीपर्यंत."

मी गेलो. काकांच्या सीटवर बसलो. काकू स्वतःच डावीकडे येऊन बसल्या, पट्टा लावला, पदर खोचला. मी गाडी अशी चालवत होतो की जणू डाव्या सीटवर काचेचं भांडं ठेवलंय. पहिल्या स्पीड ब्रेकरला जवळजवळ थांबलोच. दुसऱ्याला एक भाजीची पिशवी घेतलेले आजोबा आम्हाला मागे टाकून पुढे गेले. तिसऱ्यालाही तेच.

काकूंनी माझ्याकडे मान वळवली.

"अहो, इतकं हळूच जायचं होतं, तर आमचे हे सात महिने तुमच्याकडे कशाला येत होते?"

पुढचा स्पीड ब्रेकर समोर दिसत होता. मी ब्रेकवरचा पाय काढून घेतला.