तुपाचा दहावा प्रश्न

आमच्या घरातलं तूप मोजायला एकदा पुण्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या.

त्याचं असं झालं. पन्नास-बावन्न सालचे दिवस. पिंपरीच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. माणसाच्या पोटात स्निग्ध पदार्थ किती जातात, हे नुसत्या नऊ प्रश्नांच्या कागदावरून कळतं का, ते बाईंना तपासायचं होतं. आधी कागद भरायचा, मग चार दिवस त्या घरी येऊन प्रत्यक्ष वजन करणार. (साहेबांनी विचारलं, "कोण तयार आहे?" मी आळस द्यायला हात वर केला होता!)

'जेवताना तूप किती घेता?' या प्रश्नापुढे मी इमानदारीत लिहिलं, अर्धा चमचा.

पहिल्या दिवशी बाई तराजू घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. नेमक्या माणहून सासूबाई आलेल्या. बाईंनी कागदावरचं माझं उत्तर वाचून दाखवलं, ते ऐकून त्या उसळल्याच.

"जावायाला अर्धा चमचा? आमच्या म्हशी काय आटल्या व्हय?"

आणि पोळीवर तुपाची धार धरली ती थांबेचना! बाई काकुळतीला आल्या. "आजी, रोजच्यासारखंच वाढा हो!"

दुसऱ्या दिवसापासून रोजच्यासारखं वाढलं. ताटात भरलं बरोबर अर्धा चमचा. मी कॉलर ताठ केली. पण बाई तुपाची बरणीही सकाळ-संध्याकाळ तोलत होत्या.

"ताटात जातं त्याच्या चौपट तूप बरणीतून कमी होतंय," त्या म्हणाल्या. "जातं कुठे?"

"मांजर!" मी म्हणालो. दार लावलं. तूप कमीच. फडताळाला कडी घातली. तरी कमीच!

चौथ्या दिवशी सुशीला, म्हणजे आमची ही, हळूच आईला म्हणाली, "आई, तू तर नाही ना...?"

झालं! सासूबाईंनी गाठोडं बांधलं. "पोटच्या पोरीनं चोर ठरीवलं! आता ह्या घरचं पानी बी न्हाई प्यायची." सुशीला रडायला लागली. मला मांजराचा भयंकर राग आला.

बाई मात्र शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. "जेवण झालं की आम्ही बायका ओसरीवर येतो. तेव्हा तुम्ही आत काय करता?"

"काही नाही. पाणी पितो."

"नुसतं?"

"नुसतं कसं पिणार? गुळाचा खडा घेतो."

"नुसता गूळ?"

"...त्यावर जरासं तूप."

बाईंनी माझा कागद माझ्यापुढे धरला.

"अहो, पण तुम्ही अर्धा चमचा लिहिलंत!"

"जेवताना म्हणून विचारलं होतं ना? हे जेवण कुठंय? हे तर मी उभ्यानं खातो!"

देवाशपथ सांगतो, ते खाण्यात धरायचं असतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि हसता हसता भिंतीला टेकल्या. "जावायबापू, त्या मांजराची तरी माफी मागा!"

बाईंना मात्र घबाड सापडलं होतं. "माणूस खोटं बोलत नव्हता, प्रश्नच अपुरा होता!" म्हणत त्यांनी दहावा प्रश्न लिहून घेतला: 'जेवणाखेरीज, उभ्याने, येता-जाता काय खाता?'

महिन्याभराने तो नवा कागद सगळ्या कारखान्यात वाटला गेला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "राव, हा दहावा प्रश्न कुठल्या हावरटापायी आला असेल हो?"

"असेल पुण्याचा कोणीतरी," मी म्हणालो, आणि त्या प्रश्नापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'काही नाही.'