खिडकीतल्या दुधाच्या पिशव्या

धुतलेल्या दुधाच्या पिशव्या आज सकाळी खिडकीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावत होते, तर तोच किंचित आंबूस, साबणमिश्रित वास आला आणि सासूबाई आठवल्या. खरं तर पिशव्या लावूच नयेत, अशी सोसायटीच्या कमिटीची नोटीस कालच लिफ्टमध्ये चिकटली आहे. इमारतीची शोभा जाते म्हणे. शिवाय सोमवारपासून सगळा कचरा एकत्र, आणि आमच्याकडून सुका कचरा नेणाऱ्या बाईला गेटच्या आत प्रवेश नाही. एवढी वर्षं ती आमचा पसारा निवडत आली, त्यावर तिचं घर चाललं, ते मात्र शोभेत धरलेलं नाही.

लग्न होऊन चारकोपच्या या घरात आले, तेव्हा मलाही या पिशव्यांची लाजच वाटायची. सासूबाई त्या ओट्यामागच्या टाइल्सवर ओल्याच चिकटवून ठेवत. माहेरचं कुणी येणार असलं की मी गुपचूप काढून टाकायचे. पिशवीचा कोपराही त्या पूर्ण कापत नसत, लोंबता ठेवत. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, तो गटारातच जातो, हे त्यांचं शास्त्र. मला तो निव्वळ चिक्कूपणा वाटे.

एकदा घाईत मी फुटलेला पेला दुधाच्या पिशवीत कोंबून सुक्या कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी ती बाई बोटाला चिंधी बांधून दारात. "काच निराळी देत जा, ताई," एवढंच म्हणाली. सासूबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, हात धुऊन हळद लावली आणि मग माझ्याकडे वळल्या. "कचरो आपल्या पायान चलत जाणा नाय गो. कोणाच्या तरी हातातसून जाता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून पिशव्या मी धुवायला लागले. पुढे त्या बाईनेच समजावलं, की कोरडी, स्वच्छ पिशवी भंगारवाला घेतो, कारखान्यात ती वितळून तिचे दाणे होतात आणि दाण्यांच्या पुन्हा वस्तू. खरकटं लागलं की मात्र सगळं डम्पिंगवर. म्हणजे निकाल आपल्या सिंकपाशीच लागतो, आणि सगळा कचरा एकत्र केला की तो सगळ्यांच्या वतीने आधीच लागलेला असतो.

आज सकाळी ती बाई कचरा न्यायला आली तेव्हा तिला सांगितलं, सोमवारपासून पिशव्या घेऊन मीच गेटवर उतरेन.

"तुम्हाला बोलतील ना, ताई."

"बोलू देत. मलाही बोलता येतं."

सासूबाई गेल्या. टाइल्स बदलल्या, त्यांच्या साड्या वाटून झाल्या. त्यांची म्हणून या घरात राहिली ती ही एक सवय, आणि ती मी कुठल्याही कमिटीला देणार नाही.

शेवटची पिशवी दोरीवर लावली, एवढ्यात खालून सेक्रेटरीने मान वर केली. "काकू, काढा ना त्या पिशव्या. नोटीस वाचली नाही का?"

"वाचली. वाळल्या की काढते."

उद्या पुन्हा दोन लिटर दूध येणार आहे.