आईच्या हातचा गजरा

आईच्या छातीवर जुन्या टाक्यांशेजारी मटाराच्या दाण्याएवढ्या तीन गाठी आल्या, तेव्हा मोगऱ्याचा हंगाम ऐन भरात होता. म्हणून ती गप्प बसली. कळ्या पहाटे तोडायच्या, सकाळी गुंफायच्या आणि उमलायच्या आत टोपली माणिकपूरला स्टेशनबाहेर पोचवायची, यात दवाखाना कुठे बसवणार? पाऊस लागला की झाडं थंडावतात, तेव्हा बघू, असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. जून उजाडेपर्यंत गाठी सात झाल्या होत्या. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर अशी ओरडले, की आमच्या वाडीला खेटून उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत आल्या. त्यांना तेवढीच करमणूक.

चार वर्षांपूर्वी, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, तिची डावी छाती काढली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर किरणांचे शेकही दिले होते आणि सांगितलं होतं की दर सहा महिन्यांनी दाखवायला या. पहिली दोन वर्षं आम्ही गेलो. मग ती बरी दिसायला लागली, आणि बऱ्या माणसाला कोण दवाखान्यात नेतं? आता पुन्हा नेलं तर डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरले. कातडीत आलाय, फुप्फुसात गेलाय, पाठीच्या मणक्यात गेलाय. बाबांनी विचारलं, “मंग पुन्हा कापून टाकाल ना?” डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं काही नाही.

इंजेक्शनं झाली, केस गेले, थंडी सरली. दुसऱ्या वर्षीचा मोगरा फुलायला लागला आणि त्याच सुमारास त्या गाठी फुटल्या. आपणहून फुटल्या असं मी अजूनही मानत नाही. पालघरकडच्या कुणा वैदूचा काळा लेप काकीनं आणला होता. मी शाळेत असताना तो लावला गेला. मी माणिकपूरच्या एका दुपारच्या शाळेत ऑफिसात क्लार्क होते, अकराला घर सोडायची ती सहाला परत यायची. परत आले तर आईच्या छातीवर तळहाताएवढी कातडी भाजल्यासारखी सोललेली होती. काकी म्हणाली, “घान बाहेर पडतेय, चांगला हाय.” मला काकीच्या तोंडाला तोच लेप फासावासा वाटला.

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले, तेव्हापासून आमचं घर एकच, चूल एक आणि मोगराही एक. गजऱ्यांचा धंदा काकीच्या ताब्यात होता. ती टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसायची, तिला गिऱ्हाईक ओळखायचं. पण गजरा गुंफावा आईनंच. पडवीत केळीच्या पानावर कळ्यांचा ढीग, बाजूला पाण्यात भिजवलेला केळीच्या सोपटाचा दोरा, आणि खांबाला टेकून आई. चार कळ्या, एक गाठ. चार कळ्या, एक गाठ. बोलता बोलता हातभर गजरा व्हायचा. तिच्या आयुष्यात ती जागा सोडून दुसरी कुठली जागा तिची अशी होती, असं मला आठवत नाही.

जखमेला वास यायला लागला आणि ती जागा गेली.

त्या वासाबद्दल लोक लिहीत नाहीत. मी लिहिणार आहे. पहिल्यांदा पट्टी मी सोडवली. कापूस चिकटला होता, पाणी लावून लावून सोडवला. खाली हिरवट पिवळं, मध्ये काळं, आणि वास असा की नाकातून थेट घशात उतरावा. मी मोरीवर जाऊन ओकले. तोंड धुऊन परत आले तर आई पदर सावरून बसली होती, म्हणाली, “तुझे बापाला सांग, तो करल.” जिनं मला न्हाऊमाखू घातलं ती बाई माझ्यापुढे शरमून बसली होती. मला तिची दया यायला हवी होती. मला किळस आली. मग किळस आल्याची किळस आली. त्या दिवसापासून मी मासळी खाल्ली नाही, आणि संध्याकाळी माणिकपूरला वडापाव खाऊनच घरी यायला लागले. “शाळेत जेवले,” असं सांगायचे. शाळेत कुठली आलीय संध्याकाळची जेवणं! पण आईनं कधी विचारलं नाही.

पट्टी मीच करत राहिले, हेही सांगते. नाकात कापूस घालून.

आणि भेटायला येणारी माणसं! आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. ‘तो आजार’, ‘तसलं’, ‘ते’. दारातच खुर्ची ओढायची, पदर नाकाला लावायचा आणि वर म्हणायचं, काही होत नाही, बरी होशील. आमच्या घरात पाणीसुद्धा कुणाला नको असायचं. सगळ्यांचे उपास. एका मामीचा तर मंगळवारी उपास, बुधवारी उपास आणि गुरुवारी आली तेव्हाही उपास. एवढे उपास करून देह काही कमी झाला नव्हता. एकीनं गोमूत्र सांगितलं, एकीनं हळद, एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “तुला नाय ना तसला काय? लग्नाचा बघायला पायजे आता.” मी तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक तिच्या पाठीवर आपटलं.

बाबांनी वेगळाच उपाय काढला. आम्ही फुलवाले. घरात वास येतोय, तर फुलं आणायची, दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. पहाटेच्या पहिल्या ओंजळी ते आईच्या खोलीत नेऊन ओतायला लागले. उशाशी कळ्या, खाटेखाली परातीत कळ्या, खिडकीच्या गजांना गजरे. “वास दाबतं,” म्हणायचे. “जरा बरा वाटल तिला.” दुपारपर्यंत कळ्या उमलायच्या, आणि मग त्या बंद खोलीत मोगरा आणि ते दुसरं असं काही मिसळायचं की विचारू नका. अत्तराच्या कपाटात उंदीर मरून पडावा, तसं. संध्याकाळी फुलं तपकिरी पडायची, सडायची, पण बाबांना ती काढवायची नाहीत. आईनं एकदाच मला सांगितलं, “डोका दुखतं गं त्या फुलांनी. पन त्याला बोलू नको.”

ती मागत होती ते वेगळंच. तिला पडवीत बसायचं होतं. खोलीतून तिला, आता तिच्याऐवजी गुंफायला येणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू यायचं, पानाची सळसळ ऐकू यायची. एका सकाळी भिंत धरून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “मी पन बसतंय जरा.”

काकी उठली नाही. पण तिनं कळ्यांचं पान आपल्याकडे ओढून घेतलं. “बाय, तू आराम कर. फुला देवाला जातान, बायकांचे केसान जातान. कोनाला कलला तं टोपलीला हात लावनार नाय कोन.”

“माझे हाताला काय झाला? हात तं चांगला हाय.”

बायकांनी पुढच्या कळ्या उचलल्या. मीही. आई भिंत धरूनच परत आत गेली. मी त्या दिवशी काकीला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील. मोठ्यानं मात्र एकही दिली नाही.

सुटका झाली ती माणिकपूरच्या एका लहानशा दवाखान्यात. पट्टी बदलायला आईला रिक्षातून नेली होती, आणि बाबांनी तिच्या पदरात ओंजळभर कळ्या बांधून दिल्या होत्या. तिथल्या वयस्क नर्सनं पदर बाजूला केला आणि कळ्या बघून माझ्याकडे डोळे वटारले. “हे काय? पूजा आहे का? काढा आधी. अहो, जखमेत जंतू झालेत, त्यांचा वास आहे हा. त्यांना औषध लागतं, मोगरा नाही.” डॉक्टरांना विचारून तिनं गोळ्या लिहून आणल्या. जुलाबावर देतात त्याच, साध्या. काही पोटात घ्यायच्या आणि काही कुटून, पूड करून जखमेवर भुरभुरायच्या. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, “एवढंच. आधी का नाही आलात?”

एवढंच! दीड महिना आम्ही बाईला फुलांत कोंडून ठेवली होती.

काकीनं खलबत्ता दिला नाही, म्हणून मी गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्यानं कुटल्या. बाबांनी स्वतः परात बाहेर नेऊन फुलं माडाच्या आळ्यात उलटी केली आणि तिथेच उकिडवे बसून रडले. पाचव्या दिवशी मी नाकात कापूस न घालता पट्टी सोडवली. जखम होती तशीच होती. वास नव्हता.

आईनं अंघोळ मागितली. धुतलेलं पातळ मागितलं. डोक्याला रुमाल बांधला, पाठीला उशी घेतली आणि कुणाला न विचारता पडवीत खांबाला टेकून बसली. काकीनं हुंगून पाहिलं. हो, सरळ नाक वर करून हुंगलं, आणि मग निमूटपणे ओंजळभर कळ्या तिच्यापुढे ठेवल्या. आईनं दोरा उचलला. मग चार कळ्या, एक गाठ. सकाळभरात तिनं सहा गजरे केले. ती अशी खुशीत होती की मध्येच मला म्हणाली, “तुझी गाठ बघ, कुत्र्याला बांधल्यासारखी.”

ते सहाही गजरे काकीनं वेगळ्या पानावर ठेवले होते. टोपली भरताना ते पान ती घरामागे घेऊन गेली. मी मागोमाग गेले. उकिरड्यावर, शेणात, तिनं ते पान पालथं केलं.

“काकी, लाज नाय वाटत? वास येतो का त्यांना? सांग, येतो का?”

काकी चिडली नाही. हात झटकत म्हणाली, “नाय येत. मंग तू घाल ना. आईकडून एक करून घे, तुझे केसान घाल नि जा शाळेला.”

मी तरातरा पडवीत आले. आईला म्हटलं, आये, मला एक गजरा दे, लांब. तिनं माझ्याकडे बघितलं. मी फुलं माळत नसे, तिला माहीत होतं. पण तिनं केला, आणि मला पुढ्यात बसवून आपल्या हातानं माळला, पिन खोचली, मानेवरचे केस सारखे केले. काकी बघत होती. मी तिच्यासमोरून ताठ मानेनं गेले. जिंकल्यासारखं वाटत होतं.

रिक्षात बसल्यावर मानेवरून काहीतरी ओलं ओघळलं. पाणी होतं. कळ्यांवर शिंपडलेलं पाणी, दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. पण माझ्या अंगावर काटा आला. मानेखाली खाजायला लागलं. मोगऱ्याचा वास चढत गेला आणि त्याच्या खालून ते दुसरं यायला लागलं, जे नव्हतंच. तिची बोटं कुठे लागली असतील, आज सकाळी पट्टीला लागली असतील का, असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं. माणिकपूरला रिक्षास्टँडच्या अलीकडे मी उतरले, गजरा पिनेसकट ओढून काढला आणि गटारात टाकला. शाळेच्या नळावर मानेला तीनदा साबण लावला. मग रजिस्टरं काढून बसले. काकीला दिलेल्या शिव्या मला एकेक करून आठवत होत्या.

संध्याकाळी घरी आले तर आई पडवीतच होती. माझी रिकामी वेणी तिनं लांबूनच पाहिली. “गजरा कं हाय?”

“ऑफिसात एका बाईंना आवडला,” मी म्हटलं. “फारच आवडला. मग त्यांनाच माळायला दिला.”

आईचा चेहरा मी त्या आजारपणात तसा कधी पाहिला नव्हता. “तिनी घातला? खरा सांगतंस? केसान घातला?”

“हो. दिवसभर.”

“मंग उद्याला दोन करीन,” ती म्हणाली. “एक तुला, एक तिला.”

आठ दिवसांनी एका साखरपुड्याची मोठी ऑर्डर आली, हात कमी पडले, आणि काकीनं आईचे गजरे बाकीच्यांत मिसळून टाकले. ते विकलेही गेले. काकीची किळस तिथे संपली. पुढे तर ती आईला चहासुद्धा पडवीत आणून द्यायची, आपल्याच कपातून अर्धा.

आई दोन गजरे मात्र रोज सगळ्यांच्या आधी करून बाजूला ठेवायची. एक माझ्या केसांत माळायची, दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवायची. त्या बाईंना कुठली साडी शोभते, केस लांब आहेत का, मुलं किती, सगळं विचारायची, आणि मी सांगत सुटायचे. साडी निळी. केस कमरेपर्यंत. दोन मुलगे. मेची सुट्टी लागली तरी आमचं ऑफिस चालू होतं, आणि त्या बाईही. अशी कुणी बाई आमच्या शाळेत नव्हती.

मे अखेरीस तिची बोटं वळेनाशी झाली. पाठीचं दुखणं इतकं वाढलं की बसवायला दोघी लागायच्या. शेवटचा गजरा तिनं केला तो पाच-सहा कळ्यांचा होता, गाठी सैल, एक कळी तर हातातच निखळली. दुसरा करायला ताकद उरली नाही. तो एकच तिनं फडक्यात गुंडाळला.

“तुला ऱ्हाव दे आज, तिला दे,” ती म्हणाली. “आनि सांग, आज जरा बारीक झाला. रागावू नको म्हनावं.”

“सांगते,” मी म्हटलं, आणि गटारापाशी, रोजच्या जागी रिक्षा थांबवली.