बसल्या जागेवरून

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले. आमचं गाव शिरड शहापूर सोडून एसटी पुढं आली, तर रस्त्याकडेच्या लिंबाखाली बा बसलेला. भोवती त्याची मेंढरं माना खाली घालून बसली होती. बानं बसल्या जागेवरून काठी वर केली. उठला नाही. शेजारच्या सीटवरची गावातली आत्या म्हणाली, "पोटची पोरगी चालली अन् बाप उठला बी न्हाई."

त्या आत्याला आणि अजूनही ते बोलून दाखवणाऱ्या गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना एकदाचं सांगते. मेंढपाळ उठला की कळप उठतो. भर दुपारी मेंढरं रवंथ करत बसली की त्यानं हलायचं नाही. लहानपणी सिद्धेश्वर धरणाच्या काठाला मी त्याच्याजवळ अशीच बसायचे. आता काय करायचं, असं विचारलं की म्हणायचा, "काई न्हाई. बघत ऱ्हा. पानी हाय, चारा हाय, आपुन हाव."

पुण्यात दोन खोल्या, सासू, नवरा, पुढं एक पोरगी आणि कंपनीत पॅकिंगची नोकरी. सुपरवायझरची बोलणी घरापर्यंत डोक्यात घुमायची. जे नाही तेच सारखं दिसायचं. एका रविवारी सकाळी वैतागून घरामागची टेकडी चढले आणि खडकावर गप्प बसले. बऱ्याच वेळानं एक टिटवी मला न जुमानता समोरून चालत गेली. खाली कंपनीची शेड आमच्या मेंढवाड्याएवढी दिसत होती. त्या सुपरवायझरला मी एवढी भ्यायचे, याचं हसू आलं. घरात भाकरी होती, पोरगी शाळेत जात होती, बा तिकडं धडधाकट होता. मला भरून आलं. तेव्हापासून दर रविवारी जाते.

सासूबाई आमच्याच भागातल्या पुसेगावच्या. त्यांना हे कधीच पटलं नाही. "काहून बसून ऱ्हायती तिथं? चांगल्या घरची बाई एकटी टेकडीवर बसती का?" नवरा म्हणाला, आईचं मन मोडू नको. मी म्हणाले, स्वयंपाक करून जाईन, पण जाईन. शेजारणी हसल्या. पुढं त्याच पैसे भरून ध्यानाच्या शिबिराला जायला लागल्या, तेव्हा मीही पोट धरून हसले.

काही वर्षांनी बा पहिल्यांदा पुण्याला आला. सासूबाईंनी त्याच्यापुढं माझं गाऱ्हाणं मांडलं. त्याचा निघायचा दिवस नेमका रविवार.

"आज तरी घरी थांब. व्याही चालले," सासूबाई म्हणाल्या.

चप्पल घालून मी दारातच अडकले. आज थांबले तर पुढचे सगळे रविवार गेले, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

बानं पिशवी उचलली. "तू जा, बाई. मी खालच्या स्टॉपवरच हाव. वरून दिसंन तुला."

टेकडीवरून बसथांबा दिसत होता. नवरा बाला सोडायला आला होता. बस आली तसं बानं वर पाहिलं. मी बसूनच हात वर केला. उठले नाही. काठी नव्हती म्हणून त्यानं पिशवी वर केली.

सासूबाईंनी ते गावापर्यंत पोचवलं. आता आत्या म्हणते, बाप तसा अन् लेकबी तशीच. खुशाल म्हणा. घर कुठलं, शिरड की पुणं, असंही विचारता. बसलेल्या माणसाला जिथून कुणी उठवत नाही, ते माझं घर. तिथं मी रविवारी सकाळी असते, आणि तेव्हा फोन उचलत नाही.