उपाशीपोटीची सुई

चार डॉक्टर चहाला बसले की पेशंटचे किस्से निघतातच. केजच्या आमच्या छोट्या दवाखान्यात तर नुसते शुगरचेच इतके साठलेत की सांगता सांगता चहा गार होतो. हसण्यासारखे थोडेच आहेत.

साखर कारखान्यातला एक फिटर तहानेनं हैराण होऊन आला. शुगर इतकी वाढलेली की मशीनवर आकड्याऐवजी नुसतं ‘हाय’ उमटलं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हाय दाखवतंय."

फिटर वैतागला, "हाय हे मलाबी ठावं हाय! किती हाय ते सांगा की!"

गॅरेजवाले सलीमभाई आले ते अर्धवट शुद्धीत. श्वास खोल आणि जोरजोरात, तोंडाला गोडसर वास. घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं जाहीर केलं, "टाकून आलाय, झोपू द्या!" सलीमभाईंच्या बायकोचा चेहरा बघवत नव्हता. तपासलं तर लघवीत कीटोन. इन्सुलिन संपलं की शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. तो वास त्यांचा होता.

शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "मॅडम, जिंदगीत एक थेंब न्हाई, अन् बदनामी फुकटात!"

आम्ही हसलो. पण शेजाऱ्याचं ऐकलं असतं तर सलीमभाई उठलेच नसते.

एकानं तर घरूनच निदान आणलं होतं, "अपेंडिक्स हाय, कापून टाका!" इन्सुलिन कधी घेतलं विचारलं तर म्हणे, "दुखतंय पोट, सुई शुगरची. ती कशाला घ्यायची?" पोटदुखी सुई चुकवल्यानं साठलेल्या त्या आम्लांचीच होती.

कमलमावशींचा किस्सा चहाबरोबर सांगवत नाही. त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, उलट्या लागल्या. खाणं सुटलं, म्हणून मावशींनी इन्सुलिनही थांबवलं. जीपनं आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"उपाशी माणसाला सुई कशी टोचू, मॅडम?" त्या विचारत राहिल्या. चूक मायेची होती. आजारपणात जेवण सुटलं तरी इन्सुलिन लागतंच, मनानं बंद करायचं नाही, हे त्यांना तेव्हा सांगावं लागलं.

दिवाळीनंतर त्याच मावशी पुन्हा जीपमधून उतरल्या. या वेळी धाकटा दीर, तोही इन्सुलिनवरच. उलट्यांनी गळालेला, पण शुद्धीत होता, बोलत होता. मागून त्याची बायको, मावशींची जाऊ, रडत ओरडत होती, "एक घालवला, आता ह्याचाबी जीव घेत्यात! उपाशी माणसाला टोचलं ह्यांनी!"

मावशींनी मागं वळून पाहिलं नाही. स्ट्रेचर धरून चालता चालता मला म्हणाल्या,

"साखर बघितली अन् तशीच जीप केली. पोटात कण न्हाई ह्याच्या, मॅडम. पण सुई चुकवली न्हाई!"