सासूबाईंची साखर

सासूबाई इस्पितळाच्या धुलाईघरात फाटक्या चादरी शिवायच्या. सव्वीस वर्षं, एकाच मशीनवर. ठिगळ लावलं की ते कुठे लावलंय हे शोधावं लागे, असा हात. जीभ मात्र कात्रीसारखी. मोठे डॉक्टर उसवलेला कोट घेऊन आले की म्हणायच्या, "लोकांच्या पोटाला टाके घालता, स्वतःच्या खिशाला नाही घालता येत?"

मधुमेह बारा वर्षं जुना. पथ्य काटेकोर. पण गेल्या वर्षी त्या जिना चढताना मध्येच बसू लागल्या. मशीन चालवतानाही धाप लागे. चेहरा पांढराफटक पडला. साखर वाढली असणार, असं आम्ही घरच्या घरीच ठरवून टाकलं. तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही चढलेला आला. घरी बोट टोचून पाहिलं की साखर बेताचीच निघायची, पण रिपोर्ट कशाला खोटं बोलेल, असं मी धरून चालले.

"सूनबाई, मी चोरून काही खात नाही गं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

एका दुपारी स्वयंपाकघरातून कुडुमकुडुम आवाज आला. मी धावतच गेले. तोंड उघडून दाखवा, म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला. त्यांनी उघडलं. जिभेवर बर्फाचा तुकडा होता. हल्ली सारखा बर्फ चावावासा वाटतो, का ते कळत नाही, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी ट्रे परत ठेवला. मी ओशाळले, पण कुलूप काही काढलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या मशीनवरच कोसळल्या. अंगात लोह जवळजवळ उरलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी मला बसवून समजावलं. लोह फार कमी झालं की साखर न वाढताही तो तीन महिन्यांचा आकडा फुगलेला दिसू शकतो. बर्फाची तलफही त्यातलीच. मग हे लोह जातंय कुठे, याचा शोध घेताना आतड्यात गाठ सापडली. तिथून कित्येक महिने थोडं थोडं रक्त जात होतं, कुणाच्या नजरेला न पडता. गाठ यकृतापर्यंत पसरली होती.

घरी आणल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले. माफी मागायला गेले आणि रडूच आलं. त्याच म्हणाल्या, "रडू नकोस. तुम्ही सगळे इतक्या ठामपणे म्हणत होता की मलाच वाटायला लागलं, मी झोपेत उठून खात असेन."

लोहाची सलाइन लावल्यावर गालांवर थोडा रंग आला. हट्टाने आठ दिवस कामावरही जाऊन आल्या. मग दुखणं वाढलं आणि पाचव्या महिन्यात त्या गेल्या.

त्या बर्फाच्या दुपारबद्दल त्यांनी आपल्या मुलाला कधीच सांगितलं नव्हतं. त्या गेल्यावर मीच सांगितलं. तो उठला आणि चपला घालून बाहेर निघून गेला.