नथ्थूजी आणि चार आखूड शर्ट

अकोल्याच्या जुन्या शहरात नथ्थूजींच्या खोलीत एकच कूलर होता आणि त्याचं तोंड सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनांकडे असायचं. मे महिन्यात माणसं बाजूला घामाने निथळत बसायची. पहिल्याच दिवशी मी कूलर जरा आपल्याकडे वळवला, तर त्यांनी उठून तो पुन्हा होता तसा केला. "सूत वाळलं का तटातटा तुटते, बाई. मानसाले घाम आला त पुसता येते." आमची ओळख झाली ती अशी.

मी तेव्हा टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेसाठी पुरुषांच्या कपड्यांचं कलेक्शन करायचं होतं. वऱ्हाडच्या उन्हात घालता येतील असे बारीक विणीचे सुती शर्ट मी मोठ्या ऐटीत कागदावर काढले होते, पण ते विणायला मशीन कुठे मिळेना. नथ्थूजी शाळांचे स्वेटर विणायचे. तरुणपणी लुधियान्याला काम शिकून येताना त्यांनी बारीक सुयांचं एक हातमशीन आणलं होतं. ते कोपऱ्यात चादरीखाली पडून होतं. माझी चित्रं त्यांनी दोनदा पाहिली. "येवढे लंबे पाय कोनाचे असतेत वो? अकोल्यात त असा मानूस दिसला नाई मले." एवढं बोलून त्यांनी चादर काढली.

मी रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडीने यायचे. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. महिनाभरात त्यांनी मला मशीन चालवायला शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. विणताना खाली वजनं टांगलेली असतात, त्यामुळे कपडा ताणून लांब झालेला असतो. म्हणून तो उतरवला की रात्रभर पडू द्यायचा, धुवायचा आणि मगच टेप लावायचा. "आत्ताच कामावून आला तो. निजू दे त्याले. थकल्या मानसाचं माप घेऊ नाई."

काकाजी भाचीच्या लग्नाला आठवडाभर मोर्शीला गेले आणि मला शहाणपण सुचलं. चार शर्ट मी एकटीने विणले, मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजले आणि शिवून मोकळी झाले. माप अगदी बरोबर होतं. काकाजी परत आले, शर्ट हातात घेतले आणि एवढंच विचारलं, "धुतले का?"

धुतले, तर चारही शर्ट चार बोटं आखूड झाले. परीक्षेला नऊ दिवस उरले होते. सूत मी स्वतः रंगवलेलं, ते संपलेलं, आणि तोच रंग पुन्हा साधणं माझ्या हातचं नव्हतं. वर्ष वाया गेलं असं धरून मी रडत बसले. काकाजी रागावले नाहीत. त्यांनी शिवणीचं टोक शोधलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ओढ. विनलेलं वाया जात नाई, बाई. कापलेलं जाते."

दोन दिवस मी उसवत होते. उसवलेल्या सुताचे वळसे जात नव्हते, म्हणून काकाजींनी लडी ओल्या करून, खाली विटा बांधून उन्हात टांगल्या. मग सहा दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत ते बारीक मशीनवर बसले. त्या दिवसांत स्वेटरचं मशीन बंद होतं. मला ते दिसत होतं, पण का बंद आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षकांनी शर्ट ओढून पाहिले, उलटे करून पाहिले. मी चांगल्या गुणांनी पास झाले.

दिवाळीत मी त्यांच्यासाठी तसलाच एक शर्ट घेऊन गेले. चहा देता देता शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सहज बोलून गेल्या, "यंदा शाळेचं काम दुसरीकडे गेलं न. नमुना त्याच हप्त्यात द्याचा होता, तुये शर्ट चालू होते तवा."

"काकाजी, मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू उठून गेली असती," ते शर्टाची बाही उलटी करून शिवण पाहत म्हणाले. "मंग ते उसवलेलं सूत मी कोनाच्या गळ्यात बांधलं असतं?"

त्यानंतर काकाजी दीडच वर्ष जगले. परीक्षेच्या कागदावर विणणाऱ्याचं नाव लिहायला रकाना नव्हता. मी तो मागितलाही नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.